सूनबाईचा आवाज

श्वास रोखून तिने कान कार्डाच्या पंख्यांपाशी नेला.

खोलीच्या भिंतींना आणि छताला जाड स्पंजाचे टोकदार ठोकळे लावलेले होते. इथे बोललेला शब्द भिंतीवर आपटून परत येत नसे, तोंडासमोरच विरून जाई. नवखा माणूस थोडा वेळ उभा राहिला की त्याला स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू यायला लागे आणि काहीतरी निमित्त काढून तो बाहेर सटके. तिला मात्र इथे माहेरी आल्यासारखं वाटे.

टेबलावर उघडा मदरबोर्ड, त्यात खोचलेलं नवं ग्राफिक्स कार्ड, आणि पलीकडे स्क्रीनवर तिने मुद्दाम निवडलेला सगळ्यात जड गेम. घनदाट जंगल, पानापानावर वेगळा उजेड, आणि मधल्या ओढ्यात थरथरणारं सगळ्या जंगलाचं प्रतिबिंब. असलं चित्र क्षणोक्षणी नव्याने काढत राहायचं, हे कष्टाचं काम कार्डाचं. इतक्या ओझ्याखाली आजवर आलेली कार्डं एकतर धापा टाकत, नाहीतर त्यांच्यातून चिलटासारखी बारीक कुणकुण सुरू होई, जी एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. हे कार्ड झोपलेल्या मांजरासारखं होतं. जवळ गेल्याशिवाय ते जिवंत आहे हेसुद्धा कळू नये.

ती सरळ झाली आणि नाकावर घसरलेला चष्मा तिने वर ढकलला.

“बरंय,” ती म्हणाली.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं हे ठीकच झालं. तिच्या तोंडून ‘बरंय’ निघालं, ही बातमी चहा उकळायच्या आत साऱ्या इमारतीत फिरली असती.

कंपनी गेम खेळणाऱ्यांच्या कॉम्प्युटरसाठी कार्डं बनवायची, आणि कुठलंही नवं कार्ड बाजारात जायच्या आधी तिच्या हाताखालून जायचं. इतरांचं काम कार्ड घडवायचं, तिचं मोडायचं. ती कार्ड तापवायची, थरथरवायची, त्याची वीज मध्येच ओढून घ्यायची, अरुंद पेटीत कोंडून दिवसदिवस पळवायची आणि मग काय खटकलं ते सरळ तोंडावर सांगायची. शब्दाला साखर लावण्याची सवय तिला नव्हती. म्हणून कधीतरी कोणीतरी तिचं नाव ‘सासूबाई’ ठेवलं आणि ते चिकटलं. ओघानेच, चाचणीला येणारं प्रत्येक नवं कार्ड ‘सूनबाई’ झालं. “सूनबाई आत गेली का?” “उंबरा ओलांडला, आता बघू किती दिवस टिकते,” असं लोक जिन्यात बोलायचे. तिला ते माहीत होतं. तिची आई म्हणायची, “लग्न केलं नाहीस ते नाहीसच, वर सासूपण मिळालं. नशीब काढलंस.”

हे नाव ठेवणारे बहुतेक मास्तरच असावेत, असा तिला संशय होता.

मास्तर कार्डांची रचना करत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कोणी काही विचारलं की ते हातात सापडेल त्यावर आकृती काढून समजावायला बसत, काचेच्या दारावर, रुमालावर, एकदा तर स्वतःच्या शर्टाच्या बाहीवर. या वर्षाखेरीस ते निवृत्त होणार होते. हे नवं कार्ड त्यांचं शेवटचं.

दोघांची ओळख भांडणातून झाली होती. त्यांचं अगदी पहिलं कार्ड तिने परत पाठवलं होतं, कारण त्यातल्या एका स्क्रूपर्यंत कुठलाच स्क्रूड्रायव्हर नीट पोचत नव्हता. “स्क्रूसाठी?” असं ओरडून मास्तर निघून गेले होते आणि कितीतरी दिवस जिन्यात समोर आले तरी ते भिंतीकडे बघून चालत. पुढचं कार्ड आलं, तेव्हा त्यातले सगळे स्क्रू एकाच मापाचे होते. त्याबद्दल ना ते काही बोलले, ना ती. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. ती बोट ठेवायची, ते चिडायचे, आणि पुढच्या खेपेला ती जागा गुळगुळीत झालेली असायची.

या कार्डात तर बोट ठेवायला जागाच सापडेना. ते जड होतं, पण आधाराची पट्टी अशी बेमालूम बसवली होती की ओझ्याने ते एका केसाइतकंही वाकत नव्हतं. विजेची तार खोचायची जागा आत घेतली होती, त्यामुळे पेटीचं झाकण लावताना तार दुमडावी लागत नव्हती. काम नसलं की पंखे आपोआप थांबत आणि काम आलं की असे हळूच सुरू होत, जसं कोणी झोपलेल्या माणसाशेजारून चवड्यांवर चालत जावं. स्क्रीनच्या कोपऱ्यात चित्रांचा वेग दाखवणारी रेषा एरवी करवतीच्या दातांसारखी दिसायची; आज ती दोरी ताणल्यासारखी सरळ होती.

दुपारी तिने समुद्राचा गेम लावला. होडी घेऊन बेटाभोवती फिरायचं, बाकी फार काही नाही. पण पाण्यावरचा उजेड कार्डाची हाडं खिळखिळी करतो म्हणून ती तो लावायची. लाटेच्या कडेला ऊन लागलं, कड पारदर्शक झाली, तिच्या पोटातून खालचा हिरवा खडक दिसला, आणि लाट फुटून फेसाचा एकेक बुडबुडा स्वतंत्र विझला. तिने होडी वळवली. आणखी एका बेटाला वळसा घातला. मावळतीकडे तोंड करून ती कितीतरी वेळ नुसती वल्हवत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की कोपऱ्यातल्या रेषेकडे तिने मघापासून बघितलेलंच नाही. ती खेळत होती. इतक्या वर्षांत या खुर्चीवर बसून ती पहिल्यांदाच नुसती खेळली होती.

संध्याकाळी आईने दार उघडलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“आज कोणाला रडवलंस?”

“कोणालाच नाही.”

आई तिच्या कपाळाला हात लावून म्हणाली, “कणकण वगैरे नाही ना?”

---

दुसऱ्या दिवशी मास्तर तिला खिडकीपाशी सापडले. हातात चहाचा कप होता, पण ते तो पीत नव्हते.

“मास्तर, मला काही सापडत नाहीये.”

ते हसतील, टाळी मागतील, निदान ‘लिहून द्या’ असं तरी म्हणतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

“नीट बघितलंत?”

तिला ते लागलं. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

“उघड्यावर चालवून बघितलं. कॉम्प्युटरच्या उभ्या कॅबिनेटमध्ये बघितलं. कॅबिनेट कुशीवर आडवं करून बघितलं. तापलेल्या खोलीत बघितलं. आणखी काय करू, पाळण्यात घालून जोजवू?”

“तसं नाही हो.” त्यांनी चहात बघितलं. “तुम्ही बघितलंत म्हणजे बघितलंतच.”

“चांगलं झालंय,” ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडाला नवे होते, त्यामुळे थोडे अडखळत आले. “फार चांगलं झालंय. मी आजवर बघितलेल्यांत सगळ्यात.”

मास्तरांनी मान डोलावली. डोळे मिटून घेतले, उघडले. बराच वेळ ते खाली वाहनतळावर कोणीतरी गाडी लावायची खटपट करत होतं ते पाहत उभे राहिले.

“रविवारी घरी या ना,” ते एकाएकी म्हणाले. “हिला तुम्हाला बघायचंय. कितीतरी वर्षं म्हणतेय, सासूबाई आहेत तरी कशा ते दाखवा.”

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी घरी बोलावलं नव्हतं. निवृत्ती जवळ आली की माणसं मऊ होतात, असं तिने स्वतःला समजावलं.

“येईन. पण सोमवारी बैठक आहे. मोठ्या बाईंना माझा निकाल हवाय.”

“म्हणूनच रविवारी,” मास्तर म्हणाले. मग घाईघाईने त्यांनी जोड दिली, “म्हणजे, सुट्टी असते ना.”

मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या प्रमुख. त्यांनी येत्या प्रदर्शनातली सगळ्यात मधली जागा घेऊन ठेवली होती, जाहिराती छापून तयार होत्या, आणि दर दिवसाआड त्या तिच्या दारात डोकावून विचारत होत्या, “काय म्हणतेय सूनबाई?” परवा तिने “सुगरण आहे” असं उत्तर दिलं, तेव्हा जिना उतरताना त्यांनी शीळ घातलेली तिने ऐकली.

---

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ठेंगणी, केस आखूड कापलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले आणि डोळ्यांत भलतीच उत्सुकता.

“ये ये! अगं, तू तर केवढीशी आहेस! ह्यांच्या बोलण्यावरून मला वाटलं, दार वाढवून घ्यावं लागतंय की काय.”

काकूंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. नोकरी संपली, गुडघे दुखायला लागले, फिरणं बंद झालं, तेव्हा मास्तरांनी त्यांना विमान चालवण्याचा गेम आणून दिला. आता त्या रोज जेवणं आटोपली की बैठकीच्या खोलीत बसून डोंगर ओलांडत. त्यांच्या खुर्चीला उशा होत्या, हातात विमानाचा दांडा होता आणि शेजारी जाडजूड नकाशांची पुस्तकं रचलेली होती.

“पोरांना शिकवत होते तेव्हा ही नदी मी फळ्यावर अशी वळवायचे,” त्यांनी हवेत बोट फिरवलं. “आता वरून बघते तर अगदी तश्शीच वळते! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. उगीच नाही शिकवलं काही.”

“कार्ड नवंच आहे ना यात?” तिने विचारलं.

“ह्यांनी आणलंय, घरी वापरून बघायला. कंपनीची परवानगी काढून हं, चोरून नाही. पण काय चित्र दिसतं गं! आधी डोंगर म्हणजे नुसती ढेकळं दिसायची. आता बर्फावर ढगाची सावली पडते, ती सरकते, दरीत उतरते. बस, तुला दाखवते.”

मास्तर स्वयंपाकघरात होते. कपबश्या वाजत होत्या, जरा जास्तच वाजत होत्या.

काकूंनी विमान उडवलं. खरंच, बघण्यासारखंच होतं. पंखाखालून शेतं सरकली, मग झाडी विरळ झाली, मग कातळ. ती काकूंच्या खुर्चीमागे उभी राहून पाहत होती. पहिल्या बर्फाच्या शिखराला वळसा घालताना काकूंनी जिभेचं टोक दातांत धरलं होतं, आणि त्यांचा पट्टा बांधलेला गुडघा विमानाबरोबर डावीकडे कलत होता. आपण ज्या वस्तूला मोडायला बसतो ती वस्तू शेवटी कोणाच्या घरी जाऊन काय करते, हे तिने आजवर असं समोरासमोर बघितलं नव्हतं. मास्तरांचं काम इथपर्यंत पोचतं तर, तिला वाटलं.

तेवढ्यात तिला ऐकू आलं.

आधी वाटलं विमानाचाच आवाज असेल. मग तो चढला. विमान खाली उतरायला लागलं, इंजिन मंद झालं, तरी हा चढतच राहिला, घशातून निघाल्यासारखा, रखरखीत. तिची मान आपोआप वळली. आवाज टेबल आणि कपाट यांच्यामधल्या फटीतून येत होता.

कॅबिनेट तिथे होतं, पण नेहमीसारखं उभं नव्हतं. ते तोंडावर पालथं घातलेलं होतं, खाली दोन लाकडी ठोकळे, आणि तारा जोडायची मागची बाजू थेट छताकडे.

“हे असं का ठेवलंय, काकू?”

“अगं, गुडघे वाकत नाहीत ना. मागे तार खोचायची म्हणजे मला जमिनीवर बसावं लागायचं, आणि मग उठवायला दोन माणसं. असं पालथं घातलं की उभ्या उभ्या वरून खोचता येतं. मीच शोधून काढलं,” काकू अभिमानाने म्हणाल्या.

तिने हात पुढे केला. वरून बाहेर पडणारी हवा चटका बसेल इतकी गरम होती.

“गेम थोडा वेळ बंद करू?”

“कर की.”

तिने सगळं बंद केलं, तारा सोडवल्या, कॅबिनेट उचलून नेहमीसारखं उभं केलं, जमिनीवर मांडी घालून तारा पुन्हा खोचल्या. काकूंनी तेच विमान, त्याच डोंगरावरून नेलं. ती कान देऊन बसली. काकू शिखराला एक वळसा घालून आल्या, दुसरा घालून आल्या. कॅबिनेटमधून काही म्हणजे काही आलं नाही.

तिने पुन्हा सगळं बंद करून ते पालथं घातलं. पहिल्या वळशालाच रखरख सुरू झाली.

आता तिला आतलं सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. चिपवर बसवलेली तांब्याची चपटी, पोकळ डबी. तिच्यात थेंबभर पाणी. चिप तापली की पाण्याची वाफ व्हायची, वाफ थंड टोकाकडे जायची, तिथे तिचं पुन्हा पाणी व्हायचं, आणि आतल्या तांब्याच्या अस्तरातून ते झिरपत चिपकडे परतायचं. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. कार्ड या एका बाजूने टांगलं की चिप वर आणि थंड टोक तळाला. इतक्या लांब, इतकं उभं चढायला पाण्याला जमत नव्हतं. वात कोरडी पडत होती.

उघड्यावर, उभं, कुशीवर. पालथं तिने घातलंच नव्हतं. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मास्तर चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. कपांतल्या चहावर साय धरली होती. म्हणजे ते बराच वेळ न हलता तिथेच उभे असणार.

“अरेच्चा,” ते म्हणाले. “आवाज कसला येतोय?”

नाटक त्यांना कधीच जमलं नसतं. काकू खुर्चीतून वळल्या.

“कसला म्हणजे? पहिल्या दिवसापासून येतोय! मी तुम्हाला म्हटलं नाही का, ही धापा टाकतेय म्हणून? चांगले दोन दिवस ते कॅबिनेट उलटंपालटं करत बसला होतात की तुम्ही, जेवायलासुद्धा उठला नाहीत.”

मास्तरांनी ट्रे टेबलावर ठेवला. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिने पटकन नजर कॅबिनेटकडे वळवली, जणू तिला अजून काही तपासायचं होतं.

“चहा घ्या,” मास्तर म्हणाले. “गार होईल.”

तिने कप घेतला. तो तसाच हातात राहिला. काकूंनी धावपट्टी गाठली, चाकं टेकली, आणि त्यांनी स्वतःसाठीच हलकीशी टाळी वाजवली.

निघताना मास्तर तिला सोडायला खालपर्यंत आले. फाटकापाशी त्यांनी कडी काढली आणि ती उगीचच वरखाली करत राहिले.

“अस्तर बदलावं लागेल,” ते म्हणाले. “बारीक करावं लागेल. डबी नव्याने ओतायची म्हणजे…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. नव्याने ओतायची म्हणजे वर्ष उलटणार होतं, हे दोघांनाही कळत होतं. तोवर त्यांची खुर्ची रिकामी झालेली असणार.

“काकू फार छान विमान चालवतात,” ती म्हणाली.

“हो ना,” मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

---

बैठकीत ती उभी राहिली आणि कार्ड नापास आहे, असं म्हणाली. का, ते सांगितलं. मोठ्या बाईंच्या पुढ्यात जाहिरातीचा छापील कागद होता. त्यांनी तो पालथा घातला.

“असं तोंडावर पालथं घालून कितीजण वापरणार आहेत? शंभरात एखादा?”

“माझ्या घरी सगळेच,” मास्तर म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या तिच्याकडे वळल्या.

“आणि परवापर्यंत सुगरण होती ना? तू पास करणार होतीस.”

“हो.”

“मग आत्ता कसं सापडलं?”

रात्री उशीवर डोकं टेकल्यापासून ती याच प्रश्नाची वाट बघत होती, आणि उत्तरही ठरवून आली होती. जे झालं ते सांगायचं. मी चुकले, मला दिसलं नाही.

“खरं म्हणजे ते मी नाही, मास्तरांनीच…”

“त्या माझ्या घरी आल्या होत्या,” मास्तर तिचं बोलणं तोडून मोठ्याने म्हणाले. “नुसत्या चहाला हो. आमची ही हौसेने विमान दाखवत होती आणि ह्यांचे कान कपाटामागे! कप हातात दिला तर तो तसाच गार केला. पाहुणी म्हणून बोलावली, माझ्याच घरात माझंच कार्ड नापास करून गेली. सासूबाई कुठेही गेल्या तरी सासूबाईच!”

मेजाभोवतीचे सगळे हसले. ताण सुटला की माणसं हसतात तसं, जरा जास्तच. मोठ्या बाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. हसू ओसरेपर्यंत मास्तर आपल्या वहीच्या कोपऱ्यावर डबीची नवी आकृती काढायला लागले होते. खाली घातलेली मान त्यांनी वर केली नाही.

ती उभीच होती. बोलायला उघडलेलं तोंड तिने मिटलं आणि खाली बसली.

“ठीक आहे,” मोठ्या बाई अखेर म्हणाल्या. “प्रदर्शनात दुसरं काहीतरी ठेवू. मास्तर, तुम्ही असेपर्यंत होईल हे?”

“नाही होणार,” मास्तर म्हणाले. “पण आकृती देऊन जाईन.”

---

मास्तर निवृत्त झाले. निरोपाला काकू आल्या होत्या, त्यांनी साऱ्यांसमक्ष तिला जवळ ओढून विचारलं, “आता ह्यांना घरी पास करायचं की नापास, ते तू सांग.” मास्तरांच्या मेजावर कोणीतरी झाडाची कुंडी आणून ठेवली. जिन्यात आता कोणी भिंतीकडे बघून चालत नसे.

नव्या डबीचं कार्ड एका सकाळी तिच्या टेबलावर आलं. बाहेरून तसंच होतं, तेच स्क्रू, तीच आत घेतलेली तार. तिने घाई केली नाही. उघड्यावर चालवलं, उभं चालवलं, कुशीवर चालवलं. शेवटी लाकडाचे दोन ठोकळे मागवून घेतले, कॅबिनेट तोंडावर पालथं घातलं, आणि स्क्रीनवर काकूंचे डोंगर लावले. विमान तिला काकूंसारखं जमत नव्हतं. दोनदा ते कड्यावर आदळलं. कार्डाला त्याचं काही नव्हतं. ते बर्फ रंगवत होतं, ढगाची सावली दरीत उतरवत होतं. ती बराच वेळ कान देऊन बसली. हात वरच्या जाळीवर धरला. हवा कोमट होती.

मग तिने फोन लावला आणि मास्तरांनी उचलल्यावर काही न बोलता तो कार्डाच्या अगदी जवळ नेऊन धरला. थोड्या वेळाने परत कानाला लावला.

“कोण? सासूबाई का?” मास्तर विचारत होते. “हॅलो? काही ऐकू येत नाहीये.”

“मलाही नाही,” ती म्हणाली.

पलीकडून मास्तरांनी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.